वरची पट्टी कचऱ्यात

आधीच सांगून ठेवतो, मला राग आलेला आहे आणि हा लेख संपेपर्यंत तो जाणार नाही. संपादकबाई फोनवर म्हणाल्या, "नाखवा, तुमच्या नोकरीतल्या गमतीजमती लिहा." गमती आहेत, पोतंभर आहेत. पण पोत्याच्या बुडाशी एक माणूस बसलाय. त्याला मी चौतीस वर्षं 'साहेब' म्हणालो. त्याचं नाव घेतलं तर बाईंना दिवाळीच्या तोंडावर वकील शोधावा लागेल. म्हणून इथेही साहेबच म्हणतो.

ठाण्यातल्या एका संशोधन संस्थेत मी लॅब टेक्निशियन होतो. एवढं सांगितलं की सोसायटीतले लोक रक्त तपासायचे रिपोर्ट घेऊन येतात. मग मी सांगतो, मी डोळे आणायचो. बकऱ्याचे. पहाटे डोंबिवलीहून स्कूटर काढायची, सगळं जग ठाण्याकडे पळत असताना आपण उलटं कल्याणला जायचं, मटण मार्केटात आमच्या बबनशेठच्या दुकानी उभं राहायचं. बबनशेठ रोज एकच वाक्य बोलायचा. "नाखवा, मुंडीसकट ने रे बाबा. डोळे काढलेली मुंडी बघून गिऱ्हाईक विचारतं, शेठ, बकरा आंधळा होता काय?"

डोळे काळ्या कागदात गुंडाळायचे, कारण उजेड लागलेला चालत नाही. मग थर्मासमध्ये, बर्फावर, आणि शीळफाट्याने थेट ठाणे. एकदा शीळफाट्याला नाकाबंदी लागली होती. हवालदार म्हणाला, "थर्मासमध्ये काय आहे?" मी म्हणालो, "डोळे." तो म्हणाला, "चहा म्हण की सरळ, शाणपट्टी कशाला करतो?" आणि झाकण उघडून त्याने एक पुडी सोडली. त्या बकऱ्याने त्याच्याकडे असं बघितलं की हवालदाराने दोन पावलं मागे जाऊन मला सॅल्यूट ठोकला. त्यानंतर माझी स्कूटर दिसली की शीळफाट्याला ट्रेलरसुद्धा बाजूला घेत. बायको म्हणते, हे खोटं आहे. बायकोचं बहुतेक वेळा बरोबर असतं, पण ती त्या दिवशी तिथे नव्हती.

डोळा निवडायला मला कुठल्या डॉक्टरने शिकवलं नाही. माझी आई ठाण्याच्या कोळीवाड्यातली, टोपली घेऊन मासळी विकायची. मला म्हणायची, "आदी डोला बग, मंग भाव कर." दुधाळलेला डोळा मी कधी उचलला नाही. आणि आतला पडदा, ज्याला रेटिना म्हणतात, तो सोलायचा म्हणजे पाण्यात भिजलेल्या पापडावरचं नाव न पुसता पापड उचलण्यासारखं आहे. पीएचडी झालेली माणसं फाडायची. मी नाही फाडला. एवढी फुशारकी मला मारू द्या, पुढे माझी फजितीच आहे.

आता धंदा समजून घ्या, नाहीतर माझा राग तुम्हाला कळायचा नाही.

रेटिनात एक भलंमोठं प्रोटीन असतं. कागदोपत्री त्याचं नाव नुसती अक्षरं आणि आकडा आहे. मी त्याला हमाल म्हणायचो. डोळ्यात उजेड गेला की अ जीवनसत्त्वाचा चोथा शिल्लक राहतो. तो पेशीच्या पापुद्र्यापलीकडे ढकलायचं काम हा हमाल करतो. तो जन्मतःच बिघडलेला असला की चोथा साचत जातो, आणि शाळेत जाणाऱ्या पोराला मधलंच दिसेनासं होतं. कडेचा फळा दिसतो, समोरच्या बाईंचा चेहरा दिसत नाही. त्यासाठी हे सगळं संशोधन.

हमाल डोळ्यांना दिसत नाही. तो शोधायला अँटीबॉडी लागते. लग्नात एखादी मावशी असते बघा, पाचशे माणसांत तिला फक्त धुळप घराण्याचं नाक ओळखू येतं. ते नाक दिसलं की ती त्या माणसाचा हात धरते आणि सोडत नाही. अँटीबॉडी म्हणजे तशी मावशी. हमालाच्या अंगाचा एक बारीकसा तुकडा तिला पाठ असतो, तिथे ती चिकटते. चिकटली की आम्ही तिच्यावर रंगाची क्रिया करतो आणि फोटोत काळी रेघ उमटते.

पण त्याआधी प्रोटीन चाळावी लागतात. रेटिना वाटायचा, साबणासारख्या एका द्रावात घालायचा, आणि जेल नावाच्या पारदर्शक वडीच्या वरच्या खाचांमध्ये भरून वीज सोडायची. लहान प्रोटीन सुळकन खाली जातात, मोठी वरच अडखळतात. म्हणजे रेघ कुठल्या उंचीवर आली त्यावरून कळतं की कोण किती मोठं. पुस्तकाप्रमाणे आमचा हमाल पार वर दिसायला हवा होता. आमच्या लॅबमध्ये तो कायम खाली, मध्याच्याही खाली दिसायचा.

साहेब सांगायचे, "तुटलेला तुकडा आहे हा. बकऱ्यात असंच असतं."

बकऱ्याला विचारायला कोण जाणार? त्या खालच्या रेघेवर साहेबांचे पेपर छापून आले, दोन पोरं डॉक्टर झाली, आणि साहेबांच्या केबिनमध्ये त्या रेघेचा फोटो फ्रेम करून लावलेला होता. लोक लग्नाचा लावतात.

मग आली तनुजा. कल्याणजवळच्या मोहने गावची मुलगी. वडील तिथल्या कारखान्यात होते, तो बंद पडल्यावर त्यांनी रिक्षा घेतली. घरात पहिलीच पोरगी जी डॉक्टर होणार होती, औषधाची नाही, दुसरी. वडील रिक्षात बसलेल्या प्रत्येक पॅसेंजरला हा फरक समजावून सांगायचे, अशी तिची तक्रार होती. पोरगी बारीक आवाजात बोलायची पण प्रश्न गळासारखा टाकायची. एक दिवस मला म्हणाली, "काका, तुकडा असेल तर अख्खा कुठंय? थोडा तरी अख्खा दिसायला नको?"

मी म्हणालो, "अगं, अँटीबॉडीची बाटलीच खराब असेल."

आणि इथे माझं पहिलं पाप. अँटीबॉडी आम्हाला देवधर नावाचे गृहस्थ पुरवायचे, डोंबिवलीचे, पन्नाशीचे, इस्त्रीचा शर्ट आणि बूट पॉलिश केलेले. करंगळीच्या नखाएवढा थेंब, आणि खोका एवढा मोठा की त्यात हलव्याची जोडी शेपटीसकट मावेल. त्या वेळी देवधरांचा टेम्पो शीळफाट्याला चार तास अडकला होता. मला कारणच मिळालं. मी लॅबच्या दारात उभा राहून ओरडलो, "देवधर, माल शिजवून आणता आणि आम्हाला विकता?"

ते म्हणाले, "नाखवा, बर्फ बघा ना, अजून आहे. हात घालून बघा."

मी हात घातला नाही. आवाज मात्र असा लावला की खाडीपलीकडे कळव्यातली कुत्री उठली. देवधरांनी निमूट दुसरी बाटली आणून दिली. रेघ तिथेच. तिसरी बाटली. रेघ तिथेच. देवधरांची माफी मी मागितली नाही.

तनुजाने मग मला विचारलं, "काका, उद्या डोळ्यांबरोबर त्याच बकऱ्याची कलेजी आणाल?"

"पार्टी आहे काय?"

"हमाल कलेजीत नसतो ना. मावशी खरी असेल तर कलेजीत गप्प बसेल."

बबनशेठ म्हणाला, "आज तब्येत सुधारली वाटतं लॅबची." वेगळी पिशवी, वेगळी कात्री, वेगळे हातमोजे. मी स्वतः केलं सगळं. संध्याकाळी फोटो निघाला. रेटिनात रेघ, आणि शेजारी कलेजीतही तीच रेघ, त्याच उंचीवर, तितकीच काळी. म्हणजे ज्याला आम्ही इतकी वर्षं हमाल म्हणून ओवाळत होतो, तो तोतया होता. कुठलं तरी भलतंच प्रोटीन, ज्याचं नाक जरा धुळपांसारखं.

शुक्रवारच्या मिटिंगमध्ये तनुजाने फोटो दाखवला. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, घातला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "एकच माणूस डोळेही कापतो आणि कलेजीही कापतो. हात किती स्वच्छ असणार?"

बारा जणांसमोर. चौतीस वर्षांत माझ्या टेबलावर माशी बसली नव्हती. बसायची तर आधी हात धुऊन यायची. मी, ज्याचा आवाज कळव्याला जातो, मी गप्प बसलो.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. चहा मागवला. साहेबांनी मला चहा पाजणं ही इतकी अनोखी गोष्ट होती की चहावाल्याने कप चुकून त्यांच्याच पुढे दोन ठेवले. मग टाईप केलेला एक कागद सरकवला. कलेजीच्या नमुन्यात माझ्या हाताळणीमुळे रेटिनाचा अंश मिसळला असण्याची शक्यता आहे, असं त्यात लिहिलेलं.

"नुसती फॉर्मॅलिटी हो, नाखवा. 'शक्यता' म्हटलंय. शक्यता काय, पाऊस पडायचीही असते. आणि त्या मुलीचाही प्रश्न मिटेल, उगाच भरकटतेय ती. तुमचे आता तीनच महिने राहिलेत, गोडीने जाऊया."

मी सही केली. कुणी हात पिरगाळला नाही, कुणी धमकी दिली नाही. चौतीस वर्षं त्या केबिनमध्ये मी फक्त 'हो साहेब' म्हणालो होतो, आणि पेन हातात आल्यावर हाताला दुसरं काही येत नव्हतं. वरून मनाला समजावलं, पोरीचंच भलं होतंय.

तनुजाला कागदाबद्दल आठवड्याने कळलं. ती भांडली असती तर बरं झालं असतं. माझ्या टेबलापाशी येऊन तिने एवढंच विचारलं, "काका, खरंच तुम्हाला वाटतं की तुमचा हात लागला?"

"नाही."

"मग?"

मी उपकरणं पुसत बसलो. पुसलेलीच होती.

त्याच दिवसांत देवधर बिलाच्या सहीसाठी आले. माझ्याशी बोलत नव्हते, बरोबरच होतं त्यांचं. पण माझं काम बघत उभे राहिले. आमच्या भिंतीवर एक कृती लॅमिनेट करून लावलेली होती. साहेब तरुणपणी परदेशातून घेऊन आलेले. भरण्याआधी प्रत्येक नमुना उकळत्या पाण्यात पाच मिनिटं ठेवायचा. ती कृती म्हणजे आमची पोथी. कोणी नवीन आला की आधी तिच्यासमोर उभा करायचो. मी रेटिनाच्या नळ्या उकळत्या पाण्यात सोडल्या आणि देवधर म्हणाले, "अहो, उकळता काय? खोक्यातल्या कागदावर स्पष्ट लिहिलेलं असतं, हा नमुना उकळू नये."

"कुठला कागद?"

"प्रत्येक बाटलीबरोबर येतो तो."

प्रत्येक बाटलीबरोबर यायचा खरा. बारीक अक्षरांचा, आठ घड्यांचा. ऑफिसला फक्त चलन लागायचं. कागद माझ्याकडे राहायचा. आणि नळ्या गरगर फिरवणारं आमचं सेंट्रिफ्यूज मशीन ज्या टेबलावर होतं त्याचा एक पाय आखूड होता. पुढचं समजलं ना? मी आणि तनुजाने टेबल उचलून पायाखालची गड्डी काढली. अकरा कागद होते. अकराच्या अकरा ठिकाणी तेच वाक्य. संशोधनाचा सगळा डोलारा ज्या कागदांवर उभा होता ते कोणी वाचले नव्हते. आणि त्यांची घडी मी घातलेली.

हमाल पापुद्र्यात पुनःपुन्हा आतबाहेर शिवलेला असतो. साधी प्रोटीन उकळली की सरळ होतात. हा उकळला की अंड्यासारखा गोळा होतो. गोळा जेलच्या खाचेतच अडकतो, खाली उतरतच नाही. आणि आमची दुसरी पद्धत ऐका. वीज बंद केल्यावर जेलची वरची पट्टी, खाचांसकट, आम्ही ब्लेडने कापून टाकायचो. तिथे काही नसतं, उगाच फाटते, म्हणून. सगळ्या लॅब कापतात. ती कापायचं काम माझं होतं. सरळ रेषेत, एका झटक्यात, कचऱ्याच्या डब्यात. म्हणजे खरा हमाल इतकी वर्षं रोज माझ्या ब्लेडखाली येत होता, आणि मी त्याला रोज कचऱ्यात पोचवत होतो. वर केबिनमध्ये तोतयाची फ्रेम.

दुसऱ्या सकाळी मी बबनशेठकडून असे डोळे आणले की त्यांच्यात मला माझा चेहरा दिसत होता. त्याच बकऱ्याची कलेजी, वेगळ्या पिशवीत. एका रेटिनाच्या दोन नळ्या केल्या. एक पोथीप्रमाणे उकळली. दुसरी नुसती टेबलावर अर्धा तास ठेवली. कलेजीचंही तसंच. जेल विरळ जाळीची घेतली, मोठ्याला वाट मिळावी म्हणून, आणि वरची पट्टी कापली नाही. ब्लेड मी खिशात घालून ठेवलं होतं, सवयीने हात गेला असता म्हणून.

फोटोत उकळलेल्या रेटिनाच्या खाचेत काळं ढेकूळ दिसलं. न उकळलेल्यात पार वर, पुस्तकात सांगितलेल्या उंचीवर, एक रेघ. बारीक, सरळ. कलेजीत त्या उंचीवर काही नाही. तोतया खाली दोन्हीकडे हजर होताच, बेरका मेला.

तनुजा ओरडलीबिरडली नाही. फोटोकडे बघत म्हणाली, "काका, हा किती मोठा आहे हो." जसं काही वडिलांच्या रिक्षात बसून आला होता.

देवधरांना मी त्याच संध्याकाळी डोंबिवलीला घरी जाऊन भेटलो. "माफ करा" म्हणालो. ते म्हणाले, "बर्फात हात घातला असतात तर तेव्हाच झालं असतं." बरोबर बोलले. चहा मात्र दिला.

साहेबांनी फोटो पाहिला. पाच मिनिटं पाहिला. मग म्हणाले, "छान. हे पुढे कधीतरी बघू. थीसिस जुन्या रेघेवर झालाय, तसाच सबमिट कर."

तनुजा म्हणाली, "सर, ती रेघ हमालाची नाहीच ना." घाबरून ती माझाच शब्द बोलून गेली.

"मग तुला इथे काम करायचं नाहीये."

मला वाटलं, रागाने बोलले, दोन दिवसांत निवळतील. साहेबांनी त्याऐवजी संस्थेच्या पीएचडी समितीकडे पत्र पाठवलं: विद्यार्थिनीचे निष्कर्ष विश्वासार्ह नाहीत, नोंदणी रद्द करावी. सहा वर्षं पोरीची. आणि तिचे नमुने स्वच्छ नव्हते याला पुरावा म्हणून सोबत काय जोडलं? माझा कागद. 'शक्यता' शब्दाचा, माझ्या सहीचा. समितीची बैठक माझ्या रिटायरमेंटनंतरच्या सोमवारी.

निरोप समारंभ शुक्रवारी होता. समोसे, गुलाबजाम, खुर्च्या. समितीतले दोन सदस्यही संस्थेतलेच, पुढच्या रांगेत बसलेले. साहेब उभे राहिले आणि माझ्याबद्दल बोलले. सुंदर बोलले, तसं त्यांना येतं. "नाखवांचा हात म्हणजे सोन्याचा. इतका स्वच्छ हात मी परदेशातही पाहिला नाही." टाळ्या पडल्या. शाल घेऊन ते माझ्याकडे आले.

तोपर्यंत मी काहीच ठरवलं नव्हतं, हे खरं सांगतो. पण 'स्वच्छ' हा शब्द कानात गेला आणि कळलं, मी स्वतःच उकळत होतो. पाच मिनिटं नाही, तीन महिने.

मी म्हणालो, "साहेब, शाल राहू दे. माझा कागद परत द्या."

साहेब हसत म्हणाले, "कुठला कागद, नाखवा?"

"ज्यात माझा हात घाण आहे असं लिहिलंय तो. आत्ता तर तुम्ही सोन्याचा म्हणालात. दोन्हीतला एकच ठेवा."

समोसे खाणारे थांबले. साहेब हळू आवाजात म्हणाले, "तो फाईलला लागला. आता निघत नाही. शोभतं का हे?"

"मग त्याच फाईलला दुसरा लावा," मी म्हणालो, आणि समारंभाची छापील पत्रिका उलटी करून तिथेच टेबलावर लिहायला बसलो. अक्षर माझ्या नातवासारखं आलं. लिहून झाल्यावर मी ते वाचून दाखवलं. आवाज मोठा करायची गरज पडली नाही. 'कलेजीचा नमुना वेगळ्या पिशवीत, वेगळ्या कात्रीने, मी स्वतः घेतला. त्यात रेटिना मिसळला नव्हता. आधीच्या कागदावरची सही माझी आहे, पण त्यातली गोष्ट खोटी आहे आणि ती खोटी असल्याचं सही करताना मला माहीत होतं.' तारीख घातली, सही केली, आणि पत्रिका साहेबांच्या हातात न देता पुढच्या रांगेत बसलेल्या सदस्यबाईंच्या हातात दिली. त्यांनी ती घडी न घालता पर्समध्ये ठेवली.

तनुजा शेवटच्या रांगेत उभी होती. माझ्याकडे बघून तिने मान हलवली. एवढंच. मला तेवढ्याचाही हक्क नव्हता.

समितीने सोमवारी निर्णय दिला नाही, प्रयोग आमच्यासमोर करून दाखवा म्हणून सांगितलं. मी रिटायर झालेला, मला आत जाता येईना. डोळे आणायला तनुजा वडिलांच्या रिक्षातून स्वतः कल्याणला गेली. बबनशेठने मला फोन केला. "नाखवा, तुझ्या पोरीने पाच डोळे परत दिले. दुधाळ आहेत म्हणाली. तुझ्यापेक्षा खट आहे." रेघ आली, वर, जिथे यायची तिथे. नोंदणी राहिली. दुसऱ्या मार्गदर्शकबाईंकडे तिला दीड वर्ष आणखी काढावं लागलं, अर्धा थीसिस फेकून नव्याने लिहावा लागला. आता ती डॉक्टर आहे, दुसरी.

साहेबांना कोणी काही केलं नाही. वयपरत्वे ते सन्मानाने निवृत्त झाले. शाल घेतली. फ्रेम घरी नेली. त्यांचे पेपर जिथे छापले होते तिथे तसेच आहेत, खालच्या रेघेसकट. मी त्यांना पत्र लिहिलं, ते मागे घ्या म्हणून. उत्तर नाही. बारावी पास माणसाला पत्रिकेच्या पाठीवर चार ओळींत जे जमलं, ते त्यांना अजून जमलेलं नाही. आणि तुम्ही हा अंक हातात घेऊन फराळ करत असाल तेव्हा दूर कुठल्या तरी लॅबमध्ये कुणाची तरी तनुजा तो पेपर समोर ठेवून रेटिना उकळत असेल, पाच मिनिटं मोजून, आणि वरची पट्टी कापायला ब्लेड शोधत असेल.